एक पन्नासचा अहवाल

इब्रा, ओमान, २४ जुलै २०१६

प्रिय नूरैन,

व्हॉट्सअ‍ॅपवर तुझा आवाज ऐकला. "हिनंच फोनवर रोज्याचा हट्ट धरला, म्हणून माझा अरमान गेला," असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आणि आता तुलाही ते खरं वाटू लागलंय. यावर फोनवर बोलणं मला जमणार नाही. लिहायलाच हवं.

आमच्या साइटचे इंजिनिअर आंद्रेस एस्टोनियाचे. मी टाइप केलेल्या प्रत्येक अहवालावर ते आपल्या भाषेत 'आरुआन्ने' लिहितात. मी विचारलं, रिपोर्टच ना? म्हणाले, हो, पण बोलता बोलता सांगितलेल्याला आम्ही हा शब्द वापरत नाही. शाळा असो, कंपनी असो, सरकार असो, तारीख घालून, सही करून, ज्याला जाब विचारायचा हक्क आहे त्याच्या हाती द्यायचं, ते आरुआन्ने. मला अब्बा आठवले. शाळेत घालण्याआधी त्यांनीच मला चहाच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर अक्षरं शिकवली. दूध न पिता 'मी दूध प्याले' लिहिलं, तर पुठ्ठा उलटा करून खरं लिहायला लावायचे.

अरमानच्या मृत्यूच्या अहवालात मी लिहिलं: वेळ बारा दहा, कारण रोज्याचा अशक्तपणा. जूनमध्ये साडेबारा ते साडेतीन उन्हात काम घ्यायला इथे बंदी आहे. आंद्रेस त्या दिवशी मस्कतला होते. माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी सही केली.

नूरैन, अरमानचा त्या दिवशी रोजा नव्हता. पहाटेपासून त्याला ताप होता. एक वाजता तो केबिनमध्ये येऊन माझ्या बाटलीतलं पाणी प्याला आणि हसून म्हणाला, "नूरैनला सांगू नको हां, रागवेल." तेवढ्यात बाहेरून हाक आली, "यल्ला, शेवटचे दोन पत्रे, मग खलास!" एक पन्नासला तो छपरावर कोसळला.

हाक मारणारे माझे अब्बा होते, साइटचे मुकादम. काल मी त्यांच्यासमोर नवा अहवाल ठेवला. "बापाला तुरुंगात घालणार?" एवढंच म्हणाले. पुठ्ठ्यांची आठवण करून द्यायचा मला धीर झाला नाही. आज सकाळी तो नवा अहवाल आंद्रेसना दिला. सहीची दुसरी प्रत सोबत आहे. सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखव. अब्बांना माफ कर असं मी लिहिणार नाही, मलाही नको करूस. हा कागद आधी तुझ्याच हाती यायला हवा होता.

म्हणवत नाही, तरी तुझीच,
अफशा