लिफ्टवरची हरकत

ता. ४ जून
चि. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद.
तुमचा निमंत्रणाचा मसुदा वाचला. जगाचा नकाशा बिनमोबदला काढणारे तुम्ही चारशे वेडे दर वर्षी एका गावी चार दिवस जमता, आणि पुढच्या खेपेस ती परिषद तुझ्या गावी व्हावी म्हणून सहा महिने खपते आहेस. बारा वर्षं ज्यांच्याबरोबर गल्लीबोळ आखलेस, त्यांतला एकही माणूस तू पाहिलेला नाहीस. आईला सोडून तुला गाव सोडता येत नाही. मंडळी दाराशी आली तरच भेट. हे जाणून इथल्या कॉलेजच्या ग्रंथालयातल्या संगणकावर बसलो आणि तू उघडून दिलेल्या सभासद-खात्यातून ओळ न ओळ तपासली. ‘भव्य’ हा शब्द सात वेळा आला आहे. एवढं भव्य आपल्याकडे काही नाही. शिवाय तुमच्या गावच्या कॉलेजच्या सभागृहाला लिफ्ट असल्याचं लिहिलं आहे. मी तिथे अकरा वर्षं शिकवलं. त्या लिफ्टमध्ये झाडू ठेवत असत. म्हणून उत्तरपत्रिकेवर देतो तसा समासात शेरा दिला, खाली एक सुभाषितही जोडलं.
आईस नमस्कार. वहिनी आठवण काढते. लोभ आहेच, तो वापरात ठेवावा.
तुझा दादा

ता. ६ जून
ती. दादास कृ. सा. न. वि. वि.
फोनवर आई शेजारी होती म्हणून नीट रागावता आलं नाही, ते आता रागावते. तू दिलास तो शेरा नव्हे, हरकत. आमच्यात कुणी कुणाचा साहेब नाही, म्हणून एकानेही हरकत घेतली की मसुदा सात दिवस अडतो आणि सगळ्यांनी त्यावर बोलायचं असतं. मसुदा पाठवायची मुदत नऊ तारखेला संपते. आणि लिफ्ट गेल्या वर्षीच दुरुस्त झाली, दादा! आईला चाकाच्या खुर्चीत बसवून मी स्वतः तीनदा वर-खाली करून पाहिली आहे. तू तिथून निघालास त्याला नऊ वर्षं झाली, हे शेरा देताना आठवायला हवं होतं.
हरकत आजच्या आज मागे घे. राग निवला की लोभ पूर्ववत होईल.
तुझी धाकटी

ता. १२ जून
चि. धाकटीस अ. उ. आ.
तुझं पत्र मिळालं त्याच दुपारी हरकत मागे घेतली. त्यावर एका अतिनम्र गृहस्थाने कळवलं, की मागे घेण्याचा मला पूर्ण अधिकार आहे, पण एव्हाना ती इतर कुणाला पटली असू शकते, म्हणून सात दिवस चालायलाच हवेत. दरम्यान सुभाषिताची नऊ भाषांत भाषांतरं झाली, आणि त्यातलं गाढव म्हणजे समिती की काय, यावर तीसजण मनापासून बोलले. गाढव कोण हे मी सांगू शकलो असतो. हरकत मागे घेतल्याबद्दल एकोणीस जणांनी माझे आभार मानले. एकाने जरी शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं. नऊ तारीख गेली. काल मसुदा सुटला, तो आता कुठे पाठवायचा?
आशीर्वाद देण्याचा अधिकार शिल्लक असेल तर दिले आहेत.
दादा

ता. ३० जून
ती. दादास कृ. सा. न. वि. वि.
परिषद समुद्रापलीकडच्या एका बंदराला मिळाली. आमचा मसुदा उशिराचा म्हणून उघडलाही नाही. मला पहिली रेघ काढायला शिकवणारी ती निवृत्त परिचारिका एक्काहत्तर वर्षांची आहे. तिने लिहिलंय, यानंतर ती प्रवास करणार नाही, तेव्हा मीच तिकडे यावं. फोनवर म्हणालास की ते चार दिवस तू आईजवळ राहशील. मन लगेच कपडे भरायला लागलं. पण आधी एक दिवस राहून बघ. मी मावशीकडे जाऊन बसते.
वहिनीस नमस्कार. लोभ वाढवायला तूर्त हरकत नाही.
तुझी धाकटी

ता. २० जुलै
चि. धाकटीस अ. उ. आ.
तुझ्यासमोर बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. तू गेल्यावर आईने मला खुर्ची दाखवली, साहेब म्हटलं, प्रवास कसा झाला विचारलं. तासभर छान गप्पा झाल्या. मग मी चमचा पुढे केला आणि तिने ओठ मिटले. भात नाही, औषध नाही, पाण्याचा घोटही नाही. सकाळची संध्याकाळ झाली. गोंजारलं, श्लोक म्हटले, शेवटी रागावलोही, त्याची लाज वाटते. सहाला तू आलीस आणि तिने चिमणीसारखी चोच उघडली. न्याय शिकलो, मीमांसा शिकलो. आईचं तोंड उघडण्याचं शास्त्र मला कुणी शिकवलं नाही. चार दिवस ती काढणार नाही. तुझी भेट मी एका शेऱ्याने घालवली, आणि भरपाईही माझ्या हातची नाही.
क्षमा मागत नाही. तू करशील, तेच नको आहे.
दादा

ता. २७ जुलै
ती. दादास कृ. सा. न. वि. वि.
येत नाही म्हणून त्या परिचारिका बाईंना कळवलं. त्यांचं ‘बरं’ एवढंच उत्तर आलं.
परिषदेच्या दिवसांत तू ये मात्र. मी घरीच आहे, भरवीन मी, तू नुसता बस. आई रोज विचारते, ते गृहस्थ पुन्हा कधी येणार? मी सांगते, तुझा मुलगा येणार आहे. त्यावर ती कोरडं बघते आणि पुन्हा त्या गृहस्थांचंच विचारते. तेव्हा ओळख न देता ये.
तुझी धाकटी