दोन शर्टांमधला दिवस

ताई,

तू सगळ्यांना मिरवून सांगतेस, आमची धाकटी मोठ्या हॉस्पिटलात आहे. म्हणूनच हे पत्र टाकणार नाही.

इथे कंत्राटदार बदलला की आमचा शर्ट बदलतो. फरशी तीच, फडकं तेच, आम्ही मात्र दर वेळी नव्याने कामाला लागतो. परवा जुन्याने निळे शर्ट काढून घेतले. नव्याचे हिरवे अजून आले नव्हते. मी घरच्याच कपड्यांत जिना पुसत होते, पाय घसरला. डावं मनगट मोडलं.

हॉस्पिटल म्हणतं, ही कंत्राटदाराची बाई. जुना म्हणतो, माझं कंत्राट संपलं. नवा म्हणतो, माझं सुरू कुठे झालं होतं? कामगार कार्यालयातले साहेब भले वाटले. म्हणाले, "बाई, कायदा आहे तुमच्यासाठी. फक्त तुमचा मालक कोण ते सांगा." काय सांगू, कपाळ?

मुकादमीण म्हणाली, "अगं, पडायला एक दिवस थांबायचंस तरी!" मला हसूच आलं गं.

आज हिरवे शर्ट आले. माझ्या मापाचा दुसरीने घातलाय. जिनाही तीच पुसतेय.

निदान तुझी तरी,
धाकटी