हक्कसोड आणि एक पोतं आंबेमोहोर

५ नोव्हें.
रिहे गावाला गेलो, जागा-समिती. विद्यापीठाला भात-संशोधनासाठी शेत भाड्यानं हवंय. तीन शेतं पाहिली. तिसऱ्याच्या बांधावर ऊन, ओढ्याचं पाणी, कापणीला आलेल्या आंबेमोहोराचा वास. मी कुठल्या कुठे गेले. कुणी विचारायच्या आत म्हणाले, "हेच." सगळ्यांनी माना डोलावल्या.
ते आमचं. म्हणजे बाळूचं, माझ्या भावाचं. आप्पा गेल्यावर पौडला जाऊन मी हक्कसोडपत्रावर सही केली, सगळ्या बहिणी करतात तशी. सातबाऱ्यावर माझं नाव नाही. म्हणून हितसंबंधाच्या फॉर्मात बेधडक लिहिलं: काही नाही.

१० नोव्हें.
बाळूचा फोन. "ताई, भाडं सुरू झालं तर इकावी न्हाई लागनार. शेजारचं फार्महाऊसवालं टपूनच हायेत. तू हायेस म्हनून दाखवली जागा."
दिवसभर वर्गात शिकवताना डोळ्यांपुढं ओढाच.

१४ नोव्हें.
नियमांचं परिपत्रक काढून वाचलं. 'सख्खे नातेवाईक. प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष लाभ.' वाचता वाचता कुकरची शिट्टी झाली, घरभर वास सुटला.
अगं बाई! पोतं!
दरवर्षी बाळूकडून येतं, न मागता. सही केल्यानंतरचं माझं माहेर तेवढंच. इतकी वर्षं तोच भात खातेय आणि वर लिहिते, काही नाही. कसली मी शहाणी.

१५ नोव्हें.
पहाटे स्वप्न. गुडघाभर चिखलात मी फॉर्म भरतेय, शाई पाण्यात उतरतेय. आप्पा बांधावर. रागावतील वाटलं. "जेवलीस का?" एवढंच.
उठले तरी पाय गार.

१७ नोव्हें.
कुलसचिवांकडे गेले. ते म्हणतात, "मॅडम, जागा ठरल्यातच जमा आहे. एका पोत्याचं कोण विचारतंय?"
"मी विचारतेय."
नवा फॉर्म. नातं: सख्खा भाऊ. लाभ: दरवर्षी एक पोतं आंबेमोहोर. मी समितीतून बाहेर. पाहणी पुन्हा पहिल्यापासून, आपलं शेत यादीत राहील का, "सांगता येत नाही."

१८ नोव्हें.
बाळूला सांगितलं. तो म्हणाला, "सही करताना म्हनालीस माजं काई न्हाई. मी मानलं. आता कागदावर तुजं कुटनं आलं? आन् तेबी माज्या वाइटावर?"
फोन ठेवून पार्किंगमध्ये रडले. चूक आधीच्या 'काही नाही'ची होती, हे त्याला कसं सांगू?

२ डिसें.
समिती माझ्याशिवाय रिह्याला. मी प्रयोगशाळेत लोंब्या मोजत बसले. तीनदा चुकले. धुकं होतं, डोंगर दिसेना. त्यांना तरी ओढा दिसला असेल का...

९ डिसें.
निकाल नाही. बाळूचा फोन नाही. शेजारच्या शेताला तारेचं कुंपण पडलं, वहिनीनं कळवलं.
संध्याकाळी बावधनला घरी आले तर दाराशी पोतं. वॉचमन इंटरकॉमवर म्हणाला, "तुमचे भाऊ आले होते आत्ताच, टेम्पो घेऊन. वर चला म्हटलं, नाही आले, पोतं मीच वर आणलं. निरोप आहे, 'ताईला म्हनावं, फॉर्मात लिही, यंदाचं बी पोचलं.'"
धावत खाली गेले. टेम्पो गेलेला.
पोतं ओढत स्वयंपाकघरात आणलं. टेकून बसलेय कधीची. शिवलेल्या तोंडातूनही वास येतोय. सुतळी कापायला हात होत नाही.