खोडलेलं 'कदाचित'

४ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझी टिपणांची वही मिळाली. तीस वर्षं तू शिकवलेली कादंबरी आता माझ्या गळ्यात पडली आहे. मुलं निबंधात नुसती गोष्ट सांगत बसतात. असं का घडलं म्हणून विचारलं की वर्ग चिडीचूप. तुझा नियम फळ्यावर लिहून ठेवला आहे: आधी मत, मग पुरावा, मग पान क्रमांक. 'कदाचित' दिसलं की लाल पेन्सिलीने खोडायचं, हेही तुझंच.

कादंबरीच्या शेवटी मुलगा दार वाजवतो आणि आई उघडत नाही, ती रागाने, असं तुझ्या वहीत आहे. एका मुलीने मात्र लिहिलं की कदाचित आईला ऐकूच आलं नसेल. मी खोडलं आणि वीसपैकी सात दिले. आता ती विषयच सोडायचा म्हणते. अर्जावर महिनाअखेर माझी सही हवी आहे. स्वतःचं डोकं चालवणारी वर्गात ती एकटीच, म्हणून फार वाईट वाटतं. तिचा निबंध सोबत पाठवते.

बाबा ठीक. टीव्ही इतका मोठा लावतात की शेजारी आमच्याच बातम्या ऐकतात. तुझं पत्र आलं की काही विचारत नाहीत, पण पाकीट उलटसुलट करून बघतात. तुम्हा भावाबहिणीच्या अबोल्याला सहावं वर्ष लागलं, कमाल आहे तुमची.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ठमी

९ ऑगस्ट

चि. ठमीस,
अ. आ.

अर्जावर सही करू नकोस. त्या मुलीने पान एकेचाळीस दिलं आहे, ते उघडून पाहिलंस का? तिथे किटलीची शिट्टी वाजत राहते आणि आई पाठमोरी कपड्यांच्या घड्या घालत असते. पान अडुसष्टवर धाकटी मुलगी तिला हाक मारत नाही, खांद्याला हात लावते. त्या शिट्टीपुढे मी वहीत 'आईची उदासी' लिहून मोकळी झाले होते. मुलं 'कदाचित'मागे लपतात म्हणून मी तो शब्द बंद केला. पण त्याच्या पाठीशी पान असेल तर तो खोडायचा नसतो. चूक माझी आहे, गुण वाढव.

आता दुसरं. माझ्या निरोपसमारंभाला दादा मागच्या रांगेत बसला होता. तो निघाला तेव्हा पायऱ्यांवरून मी दोनदा हाक मारली, त्याने वळून पाहिलं नाही. मी तो राग समजले. नंतर त्याचे फोन आले, ते मी उचलले नाहीत. टीव्हीचं तू गमतीने लिहिलंस, मला मात्र धड जेवण गेलं नाही. त्याला मागून हाक मारून बघ आणि कळव.

आशीर्वाद न मागता मिळतील, उत्तर मात्र लवकर दे.
आत्या

१७ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

वर्गासमोर चूक कबूल केली आणि अठरा दिले. तिने आधी विचारलं की दोन कशाचे कापले. अर्ज तिनेच फाडला.

बाबांना मागून तीनदा हाक मारली. त्यांनी शांतपणे पेपरचं पान उलटलं. डॉक्टर म्हणतात, उजवा कान सात-आठ वर्षांपूर्वीच गेला असावा, डावाही अर्धाच आहे. तुझ्या हाकेचं बाबांना सांगितलं. ते म्हणाले की त्या दिवशी फाटकाबाहेर अर्धा तास तुझी वाट पाहिली. तू आली नाहीस, फोन उचलला नाहीस, म्हणून तूच रागावलीस असं धरून बसले. उरलेलं ते स्वतः लिहितात.

तुझी ठमी

चि. धाकटीस,
अ. आ.

फोनवर मला आता नीट कळत नाही, म्हणून रविवारी येतो. कदाचित चार दिवस राहीन. ठमीने हा शब्द खोडलेला नाही. बसथांब्यावर उभी राहा. मी पाठमोरा दिसलो तर हाक मारू नकोस, खांद्याला हात लाव.

तुझा दादा