नाकातली तोफ

ता. ४ फेब्रुवारी

चि. भाऊजींना अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. आपल्या बगळ्याची नाकात तोफ असलेल्या विमानावर गोळे भरायला निवड झाली म्हणून मी तोंड गोड करावं, असं तुम्ही लिहिता. मुलगा तुमचा, पण आईविना तो माझ्याकडे वाढला, म्हणून माझं तोंड कडूच राहिलं.

तुमचे दादाही तेच काम करत होते. शत्रूची एक गोळी त्यांना शिवली नाही. आपल्याच तोफेच्या धक्क्याने विमानाचं नाक उसवलं, असं शेजारच्या विमानाच्या वैमानिकाने घरी येऊन सांगितलं. तुमच्या कारखान्याने 'वीरमरण' कोरलेली पितळी पाटी पाठवली. जड आहे. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तिचा टेकू लावते; कारखान्याची तेवढी एकच वस्तू जागची हलत नाही.

लोभ आहे; तूर्त निम्माच धरा.

तुमची वहिनी

ता. ११ फेब्रुवारी

ती. वहिनींस साष्टांग नमस्कार.

वाचनालयातली चार पुस्तकं वाचून तुम्ही इंजिनियर झालात, आनंद आहे. मी विमानांच्या कारखान्यात फोरमन आहे. विमान साखळदंडांनी जमिनीला बांधून प्रत्येक तोफ माझ्यासमोर डागली जाते. पत्रे जोडणारा एक रिव्हेट हलत नाही. दादाचं नशीब खोटं, त्याला तोफ काय करणार? येत्या सोमवारी बगळा उडेल. त्याला आशीर्वाद कळवा. तुमच्या रागासकट, नेहमीचाच,

धाकटा दीर

ता. १४ फेब्रुवारी

चि. भाऊजींना आशीर्वाद, रागासकट.

बैल खुंट्याला बांधून ठेवायचा आणि शर्यतीत पडला नाही म्हणून पाठ थोपटून घ्यायची! बांधलेल्या विमानाचा धक्का जमीन पोटात घेते. वर आभाळाला पोट कुठलं?

पूर्वी तोफ बसवणारा स्वतः पहिल्या उड्डाणाला जात असे. हे मला सांगायचे, त्या रीतीमुळे प्रत्येक बोल्ट दोनदा आवळला जाई. वेळ वाचावा म्हणून ती रीत तुम्हीच बंद केलीत. वाचला वेळ! यांच्या विमानाची तोफही तुम्हीच बसवली होती. आजवर मी तो विषय काढला नाही. पोराची पाळी आली म्हणून काढते.

सोमवारी बगळ्याच्या जागी तुम्ही बसा. भीती वाटत असेल तर तसं लिहा, मी हसणार नाही. हसेन, पण थोडंच.

वाट पाहणारी,
वहिनी

ता. १९ फेब्रुवारी

ती. वहिनींस साष्टांग नमस्कार.

बसलो. पहिल्या गोळ्याला विमान भिंतीवर आदळल्यासारखं थबकलं. तिसऱ्याला पायाशी रिव्हेट घरंगळायला लागले. मी ते मुठीत धरले, दुसरं काय करणार? वैमानिकाने कसंबसं खाली आणलं.

नाकाची बांधणी बदलेपर्यंत एकाही विमानावर पसंतीची सही करणार नाही, असं साहेबांना सांगितलं. त्यांनी मला गोदामात पाठवलं. पण सहीशिवाय विमानं उडत नाहीत, आणि ते रिव्हेट पाहून दुसरं कोणी सही करायला धजत नाही. सगळी उभी आहेत. बगळा जमिनीवर आहे आणि माझ्याशी बोलत नाही. भित्र्या बापाने संधी घालवली, म्हणतो.

दादाने किती गोळे भरले असतील, वहिनी?

तुमचा,
धाकटा

ता. २३ फेब्रुवारी

चि. भाऊजींना अनेक आशीर्वाद.

ते विचारू नका. मी विचारत नाही.

बगळ्याला घेऊन या. फुगून बसू दे. फुगलेला पोरगा जेवतो तरी. तुम्हाला मी हसले नाही, हेही त्याला सांगा.

पाटी जागेवरच आहे. दार उघडं आहे.

तुमची वहिनी