आईच्या खिडकीवरचा टॅब

३ नोव्हेंबर, सोमवार
डोकं फिरलंय! लॅबचे मालक मनोहरराव, त्यांनी आज आईला बोलावून सांगितलं— "देवकीताई, एक तारखेपासून तुम्ही आत रिपोर्टांच्या फाइली लावा. खिडकीवर दुसरी मुलगी बसेल." धंतोलीतल्या या लॅबची नोंदणीची खिडकी म्हणजे आई! पण रामटेकला गडाच्या पायऱ्यांवर पडली, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी बोटं वळत नाहीत. डाव्या हाताच्या एका बोटानं पेशंटचं नाव-गाव टाइप करते आणि रांग जिन्यापर्यंत जाते. मनोहररावांचं अगदीच चुकतं असं नाही— पण म्हणून काय!

वाटलं होतं, घरी येऊन रडेल. छे! मी पोळ्या लाटत होते, ती ओट्याशी उभी. "मी जाईन तवा माह्या मनानं जाईन. तो काहून सांगून राहिला मले?"

४ नोव्हेंबर
सुचलं! लॅबचे कॉम्प्युटर मीच सांभाळते. खिडकीवरच्या त्या काळ्या स्क्रीनवर चालते तीही माझीच स्क्रिप्ट, मी लिहिलेला छोटा प्रोग्राम— आधी नाव विचारते, मग गाव, मग डॉक्टर, मग तपासणी. आणि मी स्वतः दिवसभर काय करते? कमांडची दोन-तीन अक्षरं मारते, कीबोर्डवरचं टॅबचं बटण दाबते, उरलेलं शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम, लिहून देतो. मग आईनंच का अख्खं "चंद्रपूर" एका बोटानं कोरत बसावं?

६ नोव्हेंबर
फजिती! प्रश्नाच्या ओळीत टॅब चालू केला आणि न तपासता थेट खिडकीवर लावला. आईनं गावाची दोन अक्षरं मारून टॅब दाबला— गाव कुठलं, फोल्डरमधल्या फाइलींची नावं धडाधड स्क्रीनवर! वेगळं सांगितलं नाही तर शेल टॅबवर फाइलीच शोधतो, एवढंही माझ्या ध्यानात राहू नये? उमरेडचे एक आजोबा खिडकीतून वाकून— "हे कोनतं गाव होय वं बाई?" आई हसून हसून बेजार. मी मात्र लाल.

८ नोव्हेंबर, शनिवार
टॅबची मूळची खोड मोडली. आता तो दाबला की माझं फंक्शन चालतं: टाइप झालेली अक्षरं घ्यायची, गावांशी ताडून पाहायची, जुळेल ते ओळीत भरायचं. आधी शेलची सारखी एकच कुरकुर— लाइन एडिटिंग, म्हणजे टाइप होतेय ती ओळ बदलायची सोय, बंद आहे म्हणे. स्क्रिप्टमध्ये ते आधी चालू करायचं, मग टॅब फंक्शनला जोडायचा! एका ओळीपायी अख्खी दुपार गेली. पण चाललं! गावाच्या प्रश्नाला गावं, डॉक्टरच्या प्रश्नाला डॉक्टर. स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

१० नोव्हेंबर
भांडण. आईची बोटं जुन्या फॉर्मवर घडलेली— तिथं टॅब म्हणजे पुढच्या चौकटीत. गाव भरून आलं तरी ती पुन्हा टॅब दाबते आणि वाट पाहत बसते.

"अगं, एंटर दाब ना!"

"माहा हात टॅबच दाबते. तुही मशीन झोपून राहिली त्याले मी काय करू?"

सवय बदल, म्हटलं मी. जरा जोरातच. तर म्हणते, "हात मोडला, आता सवयबी मोडू का वं?"

आईला बदलायला निघाले होते मी! स्क्रिप्टला बदलायला काय धाड भरलीय?

१२ नोव्हेंबर
युक्ती! टॅबच्या मागं दोन अदृश्य बटणं लपवली. टॅब दाबला की दोन्ही लागोपाठ दाबली जातात. पहिलं गाव भरतं. एकच गाव जुळलं तर पहिलं बटण दुसऱ्याचं एंटर करून टाकतं. जास्त जुळली तर दुसरं गप्प, आणि सगळी गावं समोर दिसतात. म्हणजे एकाच टॅबमध्ये गाव भरलंही आणि पुढचा प्रश्नही आला. मी हुशार आहे. इथं लिहायला कोणाची भीती!

१३ नोव्हेंबर
चालतंय. चालतंय! चालतंय!!!

१७ नोव्हेंबर, सोमवार
काय दिवस! सोमवारची गर्दी— गडचिरोली, यवतमाळ, वर्धा, सगळे उपाशीपोटी आलेले. आई: तीन अक्षरं, टॅब. दोन अक्षरं, टॅब. "चला, पुढचे!" रांग जिन्याकडं फिरकलीच नाही. मनोहरराव हाताची घडी घालून दारात उभे. मग जवळ आले, स्वतः टॅब दाबून पाहिला, पुन्हा दाबला. "देवकीताई, तुम्ही इथंच बसा जी. फाइलींचं पाहू."

आईनं पुढच्या पेशंटला गाव विचारलं. मी सगळ्यांसाठी झणझणीत तर्री-पोहे आणले. डोळ्यांत पाणी आलं ते तर्रीमुळं, असं सांगितलं. खोटं. जिंकलो!

२९ नोव्हेंबर
आईनं आज राजीनामा दिला! मी ओरडलेच— मग एवढं सगळं कशासाठी केलं मी? ती म्हणाली, "हात मोडला तवाच मनात होतं, रामटेकले बहिणीजवळ जाऊन राहाचं. पण त्यानं उठवल्यावर कशी जाऊ? आता खिडकी माही आहे. म्हणून सोडून राहिली."

काल माझ्या लॅपटॉपवर काहीतरी लिहीत होती. मधेच आतून हाक— "तुहा टॅब इथं चालून नाही राहिला वं!" ती युक्ती फक्त खिडकीवरच चालते, म्हटलं मी आणि विसरून गेले. राजीनाम्याचा अख्खा अर्ज तिनं एका बोटानं, एकेक अक्षर स्वतः टाइप करून लिहिला.