मास्तरांच्या सहीचा कागद

ठाकुर्ली,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. योगिनीस अनेक आशीर्वाद.

मी, सहदेव लक्ष्मण तांबडे, वय पंच्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी, सेवानिवृत्त सिग्नल खलाशी, राहणार ठाकुर्ली, तुझ्या पत्राचे उत्तर लिहून देतो. फोनवर मला ऐकू येत नाही, म्हणून तुझ्यासारख्या नव्या सिग्नलवालीस पत्र लिहावे लागते, याचे वाईट वाटते.

सुरक्षेच्या वर्गात वाचण्यासाठी तू अनुभव मागितलास. रूळ जेथे गाडीची वाट बदलतात, तो सांधा लांबच्या खोलीतून मोटारीवर फिरवतात. स्टेशनमास्तरांच्या सहीचा कागद हाती आल्याशिवाय त्यात बोट घालू नये. आपण सांधा फिरवणार नाही, असे वचनच ते त्या कागदाने देतात. १९७९ साली माझा जोडीदार भिवा भोईर कागदाविना सांधा साफ करू लागला. सांधा फिरला आणि त्याची तीन बोटे गेली. कागद आणण्यास त्याने मला पाठविलेच नव्हते. हे नावासह लिही. नाव असले की ऐकणाऱ्याच्या लक्षात राहते.

येथे सर्व ठीक. तुझी आजी गेल्यापासून भाकऱ्या मोजून थापतो, तरी एक उरतेच. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा आजोबा,
सहदेव तांबडे

कल्याण,
१७ फेब्रुवारी २०२५

ती. आजोबांस, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे हॉस्टेलच्या सगळ्या मुलींनी मला ऐकवलं. पण भाकरी उरते तर शेजारच्या वासंतीकाकूंना द्या ना. शिळी खाऊन मोठेपणा कसला मिळवता?

कोणाचं नाव न विचारता घालू नये असं आमचे सर म्हणाले, म्हणून मी रविवारी बाळकुमला भिवाकाकांकडे गेले. तुमची नात म्हटल्यावर त्यांनी आधी तुम्हाला ऐकू येतं का ते विचारलं. मग मी तुमचा मजकूर वाचून दाखवला. ते म्हणाले, की आजोबा सांगतात तेच लिही पोरी, आता काय त्याचं. त्यांच्या पत्नी तुळसाकाकू मात्र मी वाचत असतानाच उठून आत गेल्या, त्या मी निघेपर्यंत बाहेर आल्याच नाहीत.

आजोबा, चार मार्चला मला हे शंभर जणांसमोर वाचायचं आहे. ते जसं लिहिलंय तसंच घडलं ना? औषधं वेळेवर घ्या. माया असू द्या.

तुमची,
योगिनी

ठाकुर्ली,
दि. २३ फेब्रुवारी २०२५

चि. योगिनीस अनेक आशीर्वाद.

तसे घडले नाही.

भिवाने मला कागद आणण्यास पाठविले होते. त्या कागदासाठी फॉर्म इंग्रजीत भरावा लागे. आदल्या आठवड्यात मी तो चुकीचा भरला, तेव्हा मास्तरांच्या खोलीतले सर्व हसले होते आणि एकाने मला पुन्हा शाळेत जा म्हणून सांगितले होते. त्या दिवशी दारापर्यंत गेलो, आतला हशा ऐकला आणि न विचारता परतलो. भिवाने विचारले तेव्हा, कागद झाला, असे मी सांगितले. माझ्या शब्दावर त्याने हात घातला.

चौकशीत मी म्हणालो की त्याने मला पाठविलेच नाही. मी तेव्हा कच्चा नोकर होतो. खरे सांगितले असते तर कामावरून गेलो असतो. भिवा समोर बसला होता. तो काही बोलला नाही. त्याची बढती थांबली. मी पुढे कायम झालो. त्यानंतर मी त्याच्या घरी गेलो नाही आणि ही खोटी गोष्ट मात्र प्रत्येक नव्या माणसाला सांगत आलो. इतक्या वेळा सांगितली की ती माझी मलाच खरी वाटू लागली होती.

काल हा मजकूर घेऊन बाळकुमला गेलो. भिवाला वाचून दाखविला. तो म्हणाला, की चौथी पास माणसाला एवढे लिहायला शेहेचाळीस वर्षे लागणारच. मग हसला. मला हसता आले नाही. तो म्हणाला, की येत जा, मला तरी कोण आहे बोलायला. तुळसाबाई म्हणाल्या की त्या वर्षी भात कापायला, दळायला, पोरांना आंघोळ घालायला त्या एकट्या होत्या आणि त्यातले काहीही या कागदात नाही. ते खरे आहे. मला ते माहीतच नव्हते. मी ते आता लिहिले आहे.

तेव्हा वर्गात भिवाचे नाव वाचू नये. माझे पूर्ण नाव वाचावे, शिक्षणासह. आणि ज्याला फॉर्म भरता येत नाही, त्याने तो दाराशी उभे राहून विचारावा, हसले तरी विचारावा, हे सांगावे.

वरील मजकूर मी शुद्धीत, कोणाच्या दबावाशिवाय लिहून दिला आहे.

सहदेव लक्ष्मण तांबडे

काल बाळकुमला वाचताना समक्ष हजर:
१. भिवा हरी भोईर. सही केली.
२. सौ. तुळसा भिवा भोईर. शेवटपर्यंत बसून ऐकले. सही केली नाही.